दोन्ही पाट्यांवर असेल तेवढंच

३ मार्च, सोमवार

"उथळ पाण्यात शिंपल्या वेचणाऱ्या बायांनो! आपल्या पाण्याचं काय करायचं, हे आजवर आपल्याला कोणीही विचारलेलं नाही!" भाषणाची सुरुवात ही. चार वर्षं हीच. आज बंदर कचेरीच्या अंगणात केली तेव्हाही टाळ्या पडल्या. बदलायचं कारण दिसत नाही.

मागणीही तीच. पडका बांध उचला! वादळात आडवा झाला त्याला बावीस वर्षं झाली. त्याच्या दगडांनी प्रवाह अडला, आतल्या बाजूला गाळ बसला, शिंपल्यांचा पट्टा निम्म्यावर आला. पूर्वी बायका दोन तासांत टोपली भरून घरी जायच्या. आता अख्खी सकाळ जाते आणि टोपलीचा तळही झाकला जात नाही. "मेलेलं पाणी" हा शब्द माझा. आता वर्तमानपत्रंही तोच छापतात.

कचेरी म्हणते, बांधात जीव राहतात, उचलता येणार नाही. मी म्हटलं, दाखवा! ते म्हणाले, पाहणी करू. मी म्हटलं, तुमच्या एकट्या माणसाच्या डोळ्यांवर आमचा विश्वास नाही. आमचंही माणूस पाण्यात उतरेल. दोघं वेगवेगळं लिहितील, आपसात बोलणार नाहीत. दोन्ही पाट्यांवर असेल तेवढंच धरायचं! पुन्हा टाळ्या. कचेरीच्या साहेबांनी जागच्या जागी लिहून घेतलं. आठ वेळा पाण्यात उतरायचं. जुळलेलं वहीत चढवायचं; वहीत पंधरा प्रकारचे जीव भरले तर बांध राहील, कमी भरले तर उचलतील. सुनावणी २ एप्रिलला.

"तुमच्याकडून कोण उतरणार?" साहेबांनी विचारलं.

मागे वळून पाहिलं. आक्काचा हात वर होता. की ती डोक्यावरचा रुमाल सारखा करत होती? बायकांमध्ये सगळ्यांत वयस्कर ती. तोवर माझ्या तोंडून "मी" गेलं होतं.

वय एकसष्ट. पोहता येतं, जेमतेम. पाण्याखाली डोळे कधी उघडलेले नाहीत. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीच शिकवल्या!

४ मार्च, मंगळवार

धाकट्या बहिणीला सांगितलं. ती तीस वर्षं तलावावर पोहायला शिकवते. हसून हसून खुर्चीत बसली. "ताई, नळी तोंडात धरली की बोलता येत नाही. झेपेल ना?"

५ मार्च, बुधवार

तलाव. दुपारची वेळ, गर्दी नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं. मास्क नाकावर घट्ट, नळी दातांत. "आता आत थुंक," धाकटी म्हणाली. कुठे? "मास्कच्या काचेवर गं. नाहीतर धुकं धरतं." भर तलावावर, तिच्या विद्यार्थ्यांसमोर, थुंकले.

पहिल्या खेपेला पाणी प्यायले. दुसऱ्या खेपेला पुन्हा. तिसऱ्या खेपेला उभी राहून खोकत होते तेव्हा धाकटी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुझं चुकतंय कुठे ते कळलं मला. तू श्वास रोखतेस! भाषणात करतेस ना, वाक्य संपेपर्यंत श्वास सोडायचाच नाही, लोकांना मध्ये शिरायला फट ठेवायची नाही. तेच करतेयस. इथे कोणी मध्ये बोलणार नाहीये. सोड श्वास."

सोडला. नळीतून आपलाच श्वास फार मोठा ऐकू येतो. आवडला नाही आवाज.

पायांतले फिन्स म्हणजे बदकाचे पाय. काठावरून पाण्यापर्यंत उलटं चालत जायचं. धाकटीने फोटो काढला. पुसायला लावला.

७ मार्च, शुक्रवार

पहिला दिवस. भरती साडेनऊला टेकली. पाणी थांबलेलं असतं तो एक तास आमचा.

बांधाच्या आतल्या अंगाला शंभर मीटरची दोरी बांधली आहे, तळाशी, दगडांच्या कडेने. दर दहा मीटरवर गाठ. अशा दहा गाठी. प्रत्येक गाठीवर तीन मिनिटं तरंगायचं, हात पोहोचेल एवढ्या टापूत दिसेल ते पाटीवर लिहायचं. पाटी पांढऱ्या प्लास्टिकची, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली. बाहेर आल्यावर दोघांनी सही करायची, मग काठावर बसलेला कारकून दोन्ही पाट्या ताडून वहीत चढवतो. सही झालेल्या पाटीत बदल नाही. ही अटसुद्धा माझीच.

कचेरीचा माणूस म्हणजे मोजणीदार. चाळिशीचा, किडकिडीत. इस्त्रीचा शर्ट काढून व्यवस्थित घडी घालून दगडावर ठेवतो आणि वर चप्पल ठेवतो, उडू नये म्हणून. नमस्कार केला. मी केला नाही.

पाणी गढूळ. दगड. वाळू. हिरवट शेवाळ. तिसऱ्या गाठीला एक खेकडा पळाला. सहाव्या गाठीच्या पुढे चंदेरी मासळीचा घोळका. बाकी काही नाही. शंभर मीटर काही नाही! खरं सांगायचं तर आनंद झाला.

माझ्या पाटीवर दोन. त्याच्या पाटीवर एकोणीस. वहीत दोन.

"एकोणीस!" मी कारकुनाला ऐकू जाईल असं म्हटलं. "कादंबरी लिहितात वाटतं हे."

मोजणीदार शर्टाची बटणं लावत होता. "बाई, हात कमी हलवा," म्हणाला. "गाळ उडतो."

१० मार्च, सोमवार

दुसरा दिवस. हात पोटाशी धरले. पाणी खरंच निवळलं. दगडावरचं शेवाळ म्हणत होते ते शेवाळ नाही. बोटभर लांब फुलं आहेत, मातकट, आणि सावली पडली की मिटतात. लिहिलं: समुद्रफूल.

वहीत तीन.

१२ मार्च, बुधवार

तिसरा दिवस. हे नीट लिहून ठेवायला हवं.

उतरायच्या आधी मोजणीदार म्हणाला, "नियमात बोलायला मनाई आहे ती काय दिसलं त्याबद्दल. कसं बघायचं ते सांगितलं तर चालेल?" कारकुनाने वही चाळली. "तशी मनाई दिसत नाही."

"मग एवढंच. बाई, तुम्ही गाठीवर पोहोचता आणि शोधायला लागता. शोधू नका. थांबा. तुम्ही थांबलात की ते हलतात."

चाळीस वर्षं मी लोकांना उठा म्हणत आले. हा मला थांबा सांगतो!

चौथ्या गाठीवर थांबले. पहिलं मिनिट काहीच नाही. गाळ, दगड, चोपडी वाळू. पाचव्या गाठीवरही तसंच. या दोन गाठींच्या टापूत दगडच विरळ आहेत, तळ सपाट. सातव्या गाठीवर पुन्हा थांबले. कानात बारीक तडतड ऐकू आली, तापल्या तेलात मोहरी पडावी तशी. आधीही येत असणार, माझ्या हातापायांच्या आवाजात बुडून जात असेल. मग एक दगड चालायला लागला. शंख होता, आत खेकडा. मग त्याच्या शेजारचा. मग दगडांच्या फटीत बोटाएवढी पिल्लं दिसली, माशांची, पट्ट्यापट्ट्यांची, एकाच दिशेला तोंड करून उभी. पन्नास तरी असतील. मोठा मासा जवळून गेला की सगळी एकदम आत, क्षणभराने सगळी एकदम बाहेर. कोणी शिट्टी वाजवत नव्हतं.

तारामासा वाळूत रुतलेला. नुसता पाच रेघांचा ठसा दिसतो. ठसा नसतो, तोच असतो.

तीन मिनिटं संपल्याचं मोजणीदाराने खांद्याला हात लावून सांगितलं तेव्हा दचकले. श्वास नीट चालला होता. लक्षातच आलं नव्हतं.

भराभर लिहिलं. बाहेर येऊन सही केली. वहीत सात झाले.

घरी येऊन अंघोळ करताना लक्षात आलं, की मी कोणाकडून उतरले आहे.

१३ मार्च, गुरुवार

ग्रंथालयातून समुद्रजीवांवरची चार जाड पुस्तकं आणली. नावं तरी कळायला हवीत. विरोधी पक्षाचा अभ्यास म्हणून.

१४ मार्च, शुक्रवार

चौथा दिवस. जे आधीच वहीत आहे तेच पुन्हा लिहिलं, आणि चार नवीन. पुस्तकातली नावं तोंडपाठ होती, हात थांबेना. वहीत अकरा.

अकरा! अजून चार वेळा उतरायचं आहे, आणि पंधराला चारच कमी.

सभा होती संध्याकाळी. बायकांना सांगितलं, काळजी नको. मेलेलं पाणी ते मेलेलं पाणी. टाळ्या. माझ्या कपाळावर अजून मास्कचा वळ होता.

१७ मार्च, सोमवार

पाचवा दिवस. आठव्या गाठीवर समुद्रघोडा. शेपटी आमच्याच दोरीला गुंडाळून उभा! मोजणीची दोरी त्याला गवताची काडी. करंगळीएवढा, पिवळसर, पोट फुगलेलं. पुस्तकात लिहिलंय, पिल्लं नराच्या पोटात वाढतात. तीन मिनिटं त्याच्याकडे बघत होते. त्याने माझ्याकडे एक डोळा फिरवला, दुसरा तिकडेच ठेवला.

लिहिला नाही.

कारणं स्पष्ट आहेत. बावीस बायका. त्यांची घरं. गाळ खरा आहे, अडलेला प्रवाह खरा आहे. एका करंगळीएवढ्या प्राण्यासाठी बावीस जणींच्या टोपल्या रिकाम्या ठेवायच्या? मी खोटं काही लिहिलेलं नाही. जे लिहिलं ते सगळं खरं आहे. न लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं नव्हे.

हे वाक्य दुसऱ्या कोणी माझ्यासमोर म्हटलं असतं तर व्यासपीठावरून सालटी काढली असती त्याची.

मोजणीदाराच्या पाटीवर समुद्रघोडा होता. वहीत गेला नाही. अकराचे अकराच.

१८ मार्च, मंगळवार

ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर गेले होते, उगाच. आक्का बांधाच्या दगडांवर वाकलेली. टोपली, आणि हातात लोखंडी आकडा. शिंपल्या तर गाळात हाताने चाचपून काढतात. आकडा कशाला? विचारायचं राहिलं, कारण तिनेच आधी विचारलं, "काय बाई, काय दिसतं खाली?"

मी तिला प्रवाहाचं सांगितलं. गाळाचं सांगितलं. कचेरीच्या धोरणाचा इतिहास सांगितला. तिने ऐकून घेतलं. नेहमी ऐकून घेते. मग म्हणाली, "ते खरं. पण बाई, त्या मधल्या जागेत..."

"आक्का, अजिबात काळजी करू नका," म्हटलं. "जिंकतोय आपण!"

"बरं," म्हणाली आणि पुन्हा वाकली.

२० मार्च, गुरुवार

सहावा दिवस. सातव्या गाठीला, दोन दगडांच्या मध्ये जुना फुटका नळ अडकलेला आहे, सिमेंटचा. तोंडाशी रिकाम्या शिंपल्यांची रास. कोणीतरी खाऊन टाकल्यासारखी. थांबले. नळातून एक डोळा. मग नळाचा रंग बदलला, म्हणजे नळाचा नव्हे, तिचा. ऑक्टोपस. तिच्या मागे, नळाच्या छताला, तांदळाच्या दाण्यांएवढी अंडी, झुबक्याझुबक्यांनी लटकलेली. ती त्यांच्यावर सतत पाणी फुंकत होती.

पुस्तकात आहे: अंडी फुटेपर्यंत मादी हलत नाही, खात नाही. ती फुटली की मरते.

शिंपल्यांची रास म्हणजे तिचं शेवटचं जेवण.

लिहिलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार

धाकटी जेवताना म्हणाली, "हल्ली पाण्याबद्दल काही बोलत नाहीस."

"नियम आहे," म्हटलं.

"तो नियम त्या माणसाशी न बोलायचा आहे. मी तुझी बहीण आहे. मी कुठे कचेरीत आहे?"

भांडी मी घासली आज.

२२ मार्च, शनिवार

मोजणीदार बाजारात भेटला. संत्री निवडत होता, एकेक हातात तोलून. टाळता आलं नाही.

"सातव्या गाठीला तुमची पाटी कोरी होती, बाई."

"दिसलं नाही काही."

"बरं."

संत्रं पिशवीत टाकलं. दुसरं उचललं. मला वाटलं होतं वाद घालेल. वादात मी कधी हरलेली नाही. नुसतं "बरं" म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं असतं?

२४ मार्च, सोमवार

धाकटीला ताप. दिवसभर घरी. नळीचं तोंड गरम पाण्यात धुऊन ठेवलं. दातांच्या खुणा पडल्यात त्यावर.

२६ मार्च, बुधवार

सातवा दिवस. पाणी आरशासारखं. उन्हाच्या रेघा तळाच्या वाळूवर जाळ्यासारख्या हलत होत्या. समुद्रघोडा त्याच जागी, पोट सपाट. म्हणजे पिल्लं गेली पाण्यात. पट्ट्यांची पिल्लं आता अंगठ्याएवढी. लांब काट्यांचे काळे गोळे दगडाखालून बाहेर आले होते. निळ्या कडांची गोगलगाय, कवच नसलेली, एवढी नटलेली की कोणाच्या लग्नाला निघाली असं वाटावं. कोणाला सांगू?

सातव्या गाठीला थांबले. नळाच्या तोंडाशी पाटी धरून होते, कोरीच. नळातून एक हात आला, सावकाश. पेन्सिलीला विळखा घातला आणि ओढायला लागला. मी दुसऱ्या टोकाला धरून. दोरा ताणला. तिची ओढ नेटाची होती पण जोराची नव्हती. उपाशी आहे. त्यातही अंडी सोडून पुढे आली नाही, एकच हात पाठवला. मी सोडली नाही, तिने सोडली नाही. तीन मिनिटं आम्ही दोघी एका पेन्सिलीला धरून होतो.

मोजणीदार बाजूला तरंगत होता. बघत होता.

मग तिने सोडली.

पेन्सिल हातात होती. लिहिलं नाही.

२८ मार्च, शुक्रवार

आठवा आणि शेवटचा दिवस. सह्या झाल्या. कारकुनाने वही मिटली. एकूण जीव: अकरा.

मोजणीदाराने शर्टाची घडी उलगडली. घालता घालता, माझ्याकडे न बघता बोलला. आठ दिवसांत एवढं तो एकदाच बोलला.

"पहिल्या दिवशी साहेबांनी विचारलं, बाई मुद्दाम कमी लिहितायत का. मी म्हटलं, नाही साहेब, बाई खोटं लिहीत नाहीत, बाईंना दिसत नाहीये. मग दिसायला लागलं तुम्हाला. मला कळलं, तुमचे हात थांबले तेव्हाच. परवा साहेबांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, माझं मी लिहितो, त्यांचं त्यांना विचारा."

"तुम्ही तक्रार का नाही केलीत?"

"कशाची? दिसलं नाही काय आणि लिहिलं नाही काय, कोरी पाटी सारखीच दिसते."

दोन संत्री होती त्याच्याकडे. एक दिलं. घेतलं. नमस्कार केला मी. पहिल्या दिवसाचा राहिला होता तो.

३० मार्च, रविवार

आठही दिवसांच्या पाट्यांच्या प्रती घेऊन बसले. पहिल्या दिवशीच्या सातव्या गाठीपुढे काही नाही. शेवटच्या दिवशीच्या सातव्या गाठीपुढेही काही नाही. वही वाचणाऱ्याला दोन्ही एकच. एक माझं अज्ञान आहे आणि एक माझं खोटं आहे, आणि जगात हे सांगू शकेल असं माणूस एकच.

पहिल्या दिवशी मी खोटी नव्हते. चार वर्षं खोटी नव्हते. पाण्याला मेलेलं म्हणताना खरंच तसं वाटत होतं. फक्त डोकं घालून पाहिलं नव्हतं. हा बचाव आहे का? कागदावर लिहून पाहिला. बचाव वाटत नाही.

धाकटी पडून होती, अजून कणकण आहे तिला. "किती दिसले गं तुला, सगळे मिळून?"

"एकतीस."

"आणि वहीत?"

"अकरा."

"पाणी दे," म्हणाली. दिलं. पिऊन ग्लास परत देताना म्हणाली, "मग बुधवारी तू कोणाच्या बाजूने बोलणार आहेस?"

"बायकांच्या."

"ते कोणाला विचारून?"

कळलं नाही तिचा प्रश्न. ताप आहे.

१ एप्रिल, मंगळवार

भाषण लिहिलं. फाडलं. पुन्हा लिहिलं. वाक्यं चांगली उतरतात, तीच अडचण आहे.

२ एप्रिल, बुधवार

सुनावणी. कचेरीचं सभागृह भरलेलं. बायका पुढच्या दोन रांगांत. आक्का अगदी कडेला, टोपली पायाशी, इथून थेट पाण्यावर जाणार असावी.

कारकुनाने वही वाचली. अकरा. पंधरापेक्षा कमी. सभागृहात आनंदाचा कल्लोळ. साहेबांनी हात वर करून शांत केलं आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला काही म्हणायचं असेल तर." शिष्टाचार म्हणून म्हणाले.

उठले. पहिलं वाक्य तयार होतं, "उथळ पाण्यात शिंपल्या वेचणाऱ्या बायांनो!" ते म्हटलं. टाळ्या पडल्या. आणि पुढचं वाक्य आलं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मग श्वास सोडला, पाण्यात सोडतात तसा.

म्हटलं, "वहीत अकरा आहेत. मला एकतीस दिसले. वीस मी लिहिले नाहीत. पाचव्या दिवसापासून सातव्या आणि आठव्या गाठीपुढची माझी पाटी खोटी आहे. त्याआधी कोरी होती ती मला दिसत नव्हतं म्हणून. चौथी आणि पाचवी गाठ मात्र खरोखर रिकामी आहे. बांध मेलेला नाही. मेलेलं पाणी हा शब्द मी वापरला होता. तो मागे घेते."

एवढंच. लहान भाषण झालं.

मागून आमच्या सभांना येणारा बर्फाच्या कारखान्याचा मालक ओरडला, "घरभेदी!" आणखी दोघांनी उचललं. कोणीतरी म्हणालं, "कचेरीने फितवलं म्हातारीला." बायका ओरडल्या नाहीत. ते जास्त लागलं.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. "मग ही पाहणी रद्द धरायची?"

"धरा."

"पण गाळ आहेच. प्रवाह अडलेला आहेच, तेही आमच्या कागदांवर आहे. तुमची सूचना काय आहे?"

माझ्याकडे सूचना नव्हती. म्हटलं, "नाही."

मोजणीदार मागच्या रांगेत होता. खाली बघत होता. बोटांनी संत्र्याची साल सोलत होता की काय, कळलं नाही.

निकाल पुढे ढकलला. शनिवारी एकदाच, शेवटचं, पाण्यात उतरायचं. आमच्याकडून नवं नाव उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचं. माझं चालणार नाही. बरोबर आहे.

बाहेर आले तेव्हा बायका निघून गेल्या होत्या.

३ एप्रिल, गुरुवार

सकाळी आक्का दारात. आत बोलावलं, आली नाही. ओले पाय आहेत म्हणाली. हातात तोच आकडा.

"बाई, बांधात ऑक्टोपस आहेत हे आम्हाला ठाऊक नाही होय? आकडा घालून काढतो की आम्ही. माझी आईसुद्धा काढायची, बांध उभा होता तेव्हा. अंड्यावरची सोडून द्यायची, बस."

मी बाहेर पायरीवर आले.

"आणि अख्खा बांध उचला असं आमच्यातलं कोण म्हणालं होतं? मधली जागा आहे ना, दगड विरळ आहेत ती? पाण्याची जुनी वाट तिथंच. तेवढे दहा-बारा दगड बाजूला केले की गाळ आपोआप जातो. आम्ही म्हटलं, तुम्ही शिकलेल्या, अख्खा मागितला की थोडा मिळतो, असं काही धोरण असेल."

चौथी आणि पाचवी गाठ.

"आक्का, चार वर्षं! सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

अर्जावर आक्काचं नाव लिहिलं. सही तिने केली. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

भाषणही पुन्हा लिहिलं. एवढंच:

उथळ पाण्यात शिंपल्या वेचणाऱ्या बायांनो, आपल्या पाण्याचं काय करायचं, हे आजवर तुम्हाला कोणी विचारलेलं नाही. मीही नाही. शनिवारी सकाळी नऊ वाजता बांधावर या, आणि नेमके कोणते दगड हलवायचे ते त्यांच्यावर हात ठेवून दाखवा.